शनिवारची बरोबरी

आमचा संघ हरायचा. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. खोपोलीत, घाटाच्या अगदी बुडाशी, मुरमाचं एक मैदान होतं आणि त्या मैदानावरच्या संघाचं नाव होतं घाटपायथा क्रीडा मंडळ. एवढं लांब नाव कोण घेतो? सगळे नुसतं 'पायथा' म्हणायचे. कर्जतचे रेल्वेवाले आमच्याशी खेळायला आले की मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "नावच पायथा, मंग वर जानार कसे रं तुमी?" आणि चार-पाच गोल मारून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. फुटबॉल आमच्याकडे आणला पावर हाऊसच्या गोऱ्या साहेबांनी. साहेब गेले, खेळ राहिला. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, पांढरे कपडे लागतात. फुटबॉलला बावीस माणसं आणि एक चेंडू. तोही आमचा इतक्यांदा शिवलेला होता की उडताना एका बाजूला कलायचा.

बाबा कारखान्यात फिटर होते. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, मागच्या खोलीत चूल, आणि दोन्हींच्या मध्ये गोणपाटाचा पडदा. घरात घड्याळ होतं, पण वेळ कळायची ती कारखान्याच्या भोंग्यावरून. वारा तिकडून असला की घाट चढणाऱ्या गाडीच्या इंजिनाची धाप ऐकू यायची. आई म्हणायची, "ठाकुरवाडीला पोचली बग," आणि तव्यावर भाकरी टाकायची. रविवारी संध्याकाळी बाबा सामना बघून मैदानावरून आले की दारातच तिचा प्रश्न असायचा, "किती?" बाबा पायावर पाणी घेता घेता म्हणायचे, "चार." "आनि आपले?" "आपले नाय." मग आई वालाचं बिरडं वाढायची. त्यात सुकटीची चटणी असली तर समजायचं, तिला आज जरा जास्त वाईट वाटलंय.

मी मैदानावर जायला लागले ती वसंतामुळे. माझा हा धाकटा भाऊ जन्माला आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईनं बाबांना सांगितलं, "जाताय तर हिला घेऊन जावा, माज्या पायात नको." बाबांनी मला गोलाच्या खांबाजवळ एका दगडावर बसवलं आणि म्हणाले, "हितून हलायचं नाय. चेंडू आला तर वाकायचं." आमचा गोलकीपर म्हणजे इस्माईलभाई शिंपी. बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आणि संघाचे पिवळे शर्ट त्यांनीच शिवलेले. ते उभे असत त्या बाजूला मी बसले, म्हणजे चेंडू सगळ्यात जास्त जिथं यायचा तिथं. त्यामुळे मी फुटबॉल शिकले तो गोल खाणाऱ्याच्या बाजूनं. आजही टीव्हीवर गोल झाला की सगळं घर मारणाऱ्याकडे बघतं आणि मी जाळीतून चेंडू काढणाऱ्या माणसाकडे बघते.

बाबांना मी एकदा विचारलं होतं, आपण कर्जतवाल्यांच्या बाजूनं का नाही ओरडत? त्यांची टीम चांगली आहे. बाबा चालायचे थांबले. रागावले नाहीत, पण थांबले. म्हणाले, "कुसू, मैदानावर पान्याचा माठ किती हायेत?" मी म्हटलं, एक. "त्यातलं पानी कोन कोन पितो?" मी नावं घेतली. इस्माईलभाई, आमच्या वस्तीतला भिवा, ब्राह्मण आळीतला जोशांचा शरद, कळंबकडचे दोघे आगरी भाऊ. "हां," बाबा म्हणाले, "मी तुज्याएवडा होतो तवा असा माठ नव्हता. मंग ते हरूं देत नायतर काय बी होऊं देत." एवढं बोलून ते चालायला लागले. त्या दिवसापासून मला कुणी पायथ्यावरून चिडवलं की मी उलट उत्तर द्यायला शिकले. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या, "काय गं, काल किती खाल्ले?" मी म्हणायची, "पाच. तुझ्या बापानं किती मारले?" त्यासाठी बाईंनी मला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. मी बाहेर उभी राहिले, पण माफी मागितली नाही.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षाची ही गोष्ट. मला मास्तरिणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. मामाला माझं लग्न लावायचं होतं. मामा आईचा थोरला भाऊ, त्यामुळे त्याचा शब्द आमच्या घरात जड. त्यानं पनवेलचं एक स्थळ आणलं. मुलगा कचेरीत कारकून, घरचे लोक बरे. रविवारी दुपारी चार वाजता बघायला येणार असं ठरवून मामा मोकळा झाला. आणि त्याच आठवड्यात मंडळाला मुंबईहून पोस्टकार्ड आलं. शहरातल्या एका मोठ्या स्पर्धेतून एका संघानं नाव काढून घेतलं होतं. रिकाम्या जागी पायथा खेळेल का, सामना शनिवारी, असं विचारलं होतं. कार्ड बाबांनी इस्माईलभाईंच्या दुकानात वाचून दाखवलं. त्यांनी शिलाईचं मशीन थांबवलं, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, "गंगाराम, पुन्ना वाच."

बाबांनी आईला सांगितलं, कुसुमला घेऊन जातो, शनिवारी सामना बघतो, रात्री वरळीला बहिणीकडे, राधाकडे मुक्काम आणि रविवारी सकाळच्या गाडीनं परत. पाहुणे यायच्या आधी पोरगी न्हाऊनमाखून तयार असेल. आई म्हणाली, "शबुद द्या." बाबांनी दिला. मला कुणी विचारलं नाही, पण मुंबई बघायला मिळत होती म्हणून मीही गप्प बसले.

कारखान्यातला एक ट्रक माल आणायला रिकामा मुंबईला जाणार होता. शनिवारी उजाडता उजाडता आम्ही त्याच्या हौद्यात बसून निघालो. अकरा खेळाडू, दोन जादा, बाबा आणि मी. खालापूर मागं पडलं तसा भिवानं गाणं धरलं. पनवेलला ट्रक थांबवून सगळ्यांनी चहा घेतला. तिथं एका माणसानं पिवळे शर्ट बघून विचारलं, "वरात कुनाची?" शरद जोशी म्हणाला, "आमचीच काढायला चाललोत."

मुंबईत ट्रक भायखळ्याला माल भरायला थांबला आणि बाबांनी मला तीन तास मुंबई दाखवली. पुढे मी मुंबईत किती वेळा गेले असेन, पण मुंबई म्हटलं की मला ते तीन तासच आठवतात. आम्ही इराण्याच्या हॉटेलात बसलो. संगमरवरी गोल टेबल, चारही भिंतींना आरसे, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे बाबा आणि मी. बाबांनी ऐटीत सांगितलं, "दोन चाय, दोन ब्रून मस्का," आणि वेटर गेल्यावर मला हळूच म्हणाले, "चायमंदी बुडवून खा, नायतर टाळू सोलंल." मग दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढं बसून समुद्रापर्यंत गेलो. झाडांच्या फांद्या काचेवर आपटत होत्या आणि दर वेळी बाबा डोकं खाली घेत होते. समुद्राच्या कठड्यावर बसून आम्ही आईनं दिलेली भाकरी आणि सुकं वांगं खाल्लं. बाबा एरवी फार बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी बोलत होते. हरणाऱ्यांतही दोन जाती असतात असं काहीतरी ते सांगत होते. एक हरतो आणि घरी बसतो, एक हरतो आणि पुढच्या रविवारी येतो. मग मला म्हणाले, "ते पनवेलवालं तुज्या मनात हाय का नाय?" मी म्हटलं, "मला ट्रेनिंगला जायचंय." त्यांनी भाकरीचा तुकडा कावळ्याला टाकला.

मैदान बघून मी आधी खाली वाकून हात लावला. गवत होतं. खरंखुरं, सपाट, कापलेलं गवत. आमच्या मैदानावर पडलं की गुडघा सोलायचा, इथं माणूस पडला तर झोप लागेल. समोरचा संघ माझगावकडचा. अकराच्या अकरा पायांत बूट. आमच्यात बूट पाच जणांना, बाकीच्यांच्या घोट्याला पट्ट्या. बायका म्हणाल तर फ्रॉकवाल्या सहा-सात, छत्र्या घेऊन खुर्च्यांवर बसलेल्या. बिल्ला लावलेला एक माणूस माझ्याकडे आला. म्हणाला, "मुली, इथं रेषेजवळ उभं राहायचं नाही. लेडीज तिकडे." मी म्हटलं, "मी लेडीज नाही, पायथ्याची आहे." तो बाबांकडे बघायला लागला. बाबा आभाळाकडे बघत होते. मी तिथंच उभी राहिले.

त्या दिवशी इस्माईलभाईंनी जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. माझगाववाले येत होते, मारत होते, आणि चेंडू इस्माईलभाईंना लागून परत जात होता. छातीला, गुडघ्याला, एकदा तर तोंडाला. एकदा त्यांच्या उजव्या अंगठ्यावर कुणाचा तरी बूट पडला. शिंप्याचा अंगठा तो! ते अंगठा बगलेत धरून दोन मिनिटं बसले आणि उठले. आमच्यापैकी कुणीही समोरच्या गोलाच्या जवळपाससुद्धा गेलं नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा एक मिनिट कुणाला काही कळलंच नाही. मग शरद बाबांजवळ आला आणि म्हणाला, "काका, शून्य-शून्य. आपण हरलो नाही." बाबा म्हणाले, "मंग काय झालं?" त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. बरोबरी झाल्यावर पुढं काय करतात, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

बिल्लेवाल्यानं येऊन सांगितलं. सामना पुन्हा होईल. उद्या, रविवारी, दुपारी चार वाजता.

चार वाजता. मी बाबांकडे पाहिलं. बाबा चपलेचा अंगठा नीट करत खाली वाकले होते आणि बराच वेळ वर उठले नाहीत.

राधाआत्या वरळीच्या चाळीत राहायची. एका खोलीत ती, तिचे मिलमधले यजमान आणि तीन पोरं. आम्ही दोघं येणार म्हणून तिनं दोन माणसांचा भात घातलेला. पाठीमागून तेरा माणसं जिन्यानं वर आलेली बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, ही काय वरात?" त्या दिवशी दुसऱ्यांदा कुणी आम्हाला वरात म्हणालं. पण सामना सुटला तेव्हा आम्ही हरलो नव्हतो हे ऐकल्यावर तिनं शेजारणींना हाका मारल्या. चार घरांतून चार पातेली आली. बोंबलाचा रस्सा, भात, कुणाकडून तरी तळलेले पापड. पोरांची झोपायची सोय चाळीच्या व्यायामशाळेत झाली. इस्माईलभाईंचा अंगठा सुजून टम्म झाला होता. आत्यानं त्यावर हळद-तेल बांधलं. ते म्हणाले, "बेन, जरा घट बांद, उद्या लागनार हाय."

जेवणं झाल्यावर बाबा गॅलरीत उभे राहिले. मी शेजारी गेले. आत्याही आली. ती म्हणाली, "वैनीला तार कर, उद्या येत नाय म्हनून." बाबा म्हणाले, "तार आली की तुजी वैनी आदी रडाया बसंल, मंग ती वाचाया कुनाला तरी देईल. आनि पाव्हन्यांना काय तार दाखवायची?" मग थोड्या वेळानं, "शबुद दिलाय मी. सकाळच्या गाडीनं निगूया."

मी म्हटलं, "मी नाय येत."

आयुष्यात बाबांना मी पहिल्यांदाच नाही म्हणाले. तोंडातून शब्द बाहेर पडले ते पडले. "त्यांना मला बघायचंय, मला त्यांना नाही बघायचं. मला उद्याचा सामना बघायचाय. आठ वर्षं हरताना बघितलं, आता जरा काहीतरी व्हायला लागलंय तर मी तिथं चहाचा ट्रे घेऊन उभी राहू?"

आत्या म्हणाली, "अगं बाय माजे." खाली रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हा तू."

"आणि तुम्ही?"

"शबुद मी दिलाय, तू नाय दिलास. मी जातो. पाव्हने दारात आले नि घरात बाप बी नाय, पोरगी बी नाय, तर तुज्या आयशीनं एकटीनं काय करायचं?"

"मी आजारी आहे म्हणून सांगणार?"

"नाय," बाबा म्हणाले. "खोटं कशाला? पोरगी फुटबॉल बघाया राहिली म्हनून सांगनार."

मी त्यांना थांबवायला हवं होतं का? चाळीस-पन्नास वर्षं झाली, अजूनही मला ते ठरवता येत नाही. बाबा पायथ्याचा एकही सामना चुकवायचे नाहीत. अंगात ताप असताना घोंगडी पांघरून आलेले मी बघितलेत. आणि हा माणूस सकाळी उठला, आत्याच्या मोरीत तोंड धुतलं, व्यायामशाळेत जाऊन एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला, भिवाला म्हणाला, "आज जरा पुडं जा रं बाबा, कालच्यासारखं लाजूं नको," आणि स्टेशनकडे निघून गेला. मी गॅलरीतून हात केला. त्यांनी वळून बघितलं नाही. वळले असते तर कदाचित गेले नसते.

रविवारी मी मैदानात एकटीच बाई, म्हणजे आमच्या बाजूची. फ्रॉकवाल्या बायकांतली एक जाडजूड बाई मला काल बघून गेली होती. ती स्वतःची खुर्ची उचलून माझ्याशेजारी आली. मॅगी आंटी तिचं नाव, माझगावची, समोरच्या संघाची पक्की. "तेरा बाबा किदर?" तिनं विचारलं. मी कसंबसं हिंदीत सांगितलं की ते घरी गेले, मला बघायला पाहुणे येणार आहेत, आणि मी इथं आहे. तिनं छत्री मिटली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पिशवीतून अंड्याचं सँडविच काढून माझ्या हातात दिलं. "खा. शादी तो कबी बी होता है. मॅच आज है." मग सामनाभर ती तिच्या संघासाठी ओरडली, मी माझ्या. मधेच पंचानं काही चुकीचं दिलं की आम्ही दोघी मिळून त्याच्यावर ओरडायचो.

गोल कसा झाला ते मी जसंच्या तसं सांगते, कारण ते सांगणारी आता मीच उरले आहे. सामना संपायला थोडाच वेळ होता. शरद जोशीनं चेंडू कसातरी पुढं लोटला. भिवा धावला. चेंडूवर पाय मारताना तो घसरला, चेंडू भलतीकडेच चालला होता, तो त्यांच्याच एका खेळाडूच्या पाठीवर आपटला आणि त्यांच्या गोलकीपरच्या दुसऱ्या बाजूनं, अगदी हळूहळू, रांगत रांगत आत गेला. एवढा हळू की मला वाटलं, कुणीतरी मधेच अडवेल. कुणी अडवला नाही. भिवा जमिनीवर पडलेला होता, त्यानं गोल पाहिलाच नाही. उरलेली दहा मिनिटं इस्माईलभाई एका हातानं खेळले. शिट्टी झाली तेव्हा ते खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागले. मीही रडत होते. मॅगी आंटी म्हणाली, "क्या बेकार गोल था!" आणि मला छातीशी धरलं.

आणि त्या क्षणी मी शेजारी बघितलं, बाबांना सांगायला. शेजारी आंटीची खुर्ची होती.

माल भरायला थांबलेला ट्रक सोमवारी सकाळी निघाला. घरी पोहोचले तेव्हा बाबा दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होते. आई चुलीपुढे पाठ करून बसलेली. तिनं विचारलं नाही, किती म्हणून. बाबांनीही विचारलं नाही. नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "एक." बाबांनी मान हलवली, "बरंय, येकच." मी म्हटलं, "आपला, बाबा. आपला एक. त्यांचा नाय."

ते दारात खाली बसले. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "सांग." मी सांगितलं. "भिवा घसरला? कंच्या पायावर?" डाव्या. "पाठीला लागला तो कोन? उंच, का बुटका?" बुटका. "आनि इस्माईल?" भोंगा झाला, तरी ते बसलेलेच. आयुष्यात पहिल्यांदा बाबा पाळीला उशिरा गेले.

घरी काय झालं ते मला आईकडून कळलं, पण लगेच नाही. ती चार दिवस माझ्याशी बोललीच नाही. पाचव्या दिवशी तांदूळ निवडताना एकदम सुरू झाली. पाहुणे आले, मामाही आला. बाबांनी दारातच सांगून टाकलं, पोरगी मुंबईला सामन्याला राहिलीय. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "फुटबॉल? मुलगी?" बाबा म्हणाले, "बगते बी, नि कळतो बी तिला. तुमाला ऑफसाइड म्हंजे काय ते ठावं हाय का?" मामानं कपाळाला हात लावला. पाहुण्यांनी पोहे मात्र खाल्ले. "आनि हे," आई म्हणाली, "चार वाजल्यापासून भितीवरल्या घड्याळाकडं बगत व्हते. पाव्हने इचारतायत पोरगी किती शिकलीय, नि हे म्हनतात, आता दुसरा हाफ चालू झाला आसंल. मला मेलीला लाज वाटावी का रडूं यावं तेच कळंना." तिनं सुपातला एक खडा काढून बाहेर फेकला. "स्थळ गेलं. जाऊंदे गेलं तर. त्या पोराची आई माज्या भांड्यांकडं नाक मुरडून बगत व्हती."

मामा त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे आला नाही. तेवढ्यात माझं ट्रेनिंग झालं. पुढं कर्जतला शाळेत लागले, तीस वर्षं मुलांना शिकवलं. लग्न सावकाशीनं झालं, माझ्या मर्जीनं झालं, आणि माझे यजमान चांगले गृहस्थ निघाले, फक्त फुटबॉल लावला की दहाव्या मिनिटाला झोपायचे.

जिंकल्यामुळे पायथ्याला पुढच्या शनिवारी पुन्हा मुंबईला खेळायचं होतं. निघायच्या दिवशी पहाटे बघते तर आई लुगडं नेसून तयार. म्हणाली, "ज्याच्यापायी दारचे पाव्हने गेले ते काय हाय ते मला एकदा बगूं द्या." वसंताला शेजारणीकडे ठेवून ती ट्रकच्या हौद्यात बसली. सामन्यात आम्ही सहा गोलांनी हरलो. इस्माईलभाईंचा अंगठा मोडलेला निघाला होता, त्यामुळे गोलात शरद उभा होता, आणि तो बिचारा चेंडू आला की बाजूला व्हायचा. आई पदर तोंडाला लावून बसली होती. सामना संपल्यावर बाबांनी घाबरत घाबरत तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तिसरा गोल नव्हता तो. त्याचा हात लागला व्हता. पंच आंधळा हाय." त्यानंतर रविवारी दारात उभं राहून "किती?" विचारायचं काम वसंताकडे आलं.

पायथा पुन्हा कधी मुंबईला गेला नाही. आणखी बारा-पंधरा वर्षं आम्ही पेणला हरलो, नेरळला हरलो, घरच्या मैदानावर तर नियमानं हरलो. या सगळ्या वर्षांत बाबा त्या रविवारच्या सामन्याची गोष्ट सांगत राहिले. पहिल्यांदा "कुसुम सांगत व्हती" म्हणून सांगायचे. मग ते दोन शब्द गळाले. चेंडू पाठीवर आपटायचा बंद झाला. भिवा घसरायचा बंद झाला. मग तो अर्ध्या मैदानातून मारायला लागला, तोही हवेतल्या हवेत. आणि बाबा स्वतः गोलाच्या मागं उभे असायचे. खोपोलीत सगळ्यांना माहीत होतं की त्या रविवारी गंगाराम फिटर घरी पाहुण्यांना पोहे वाढत होता. पण चहाच्या टपरीवर कुणी त्यांना अडवल्याचं मला आठवत नाही. मीही अडवलं नाही. सुरुवातीला मला अपराध्यासारखं वाटायचं. त्यांच्या वाट्याचा तो सामना मी घेतला होता. त्यांनी तो परत घेतला, तर कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

मग मैदान गेलं. तिथं कारखान्याची शेड उभी राहणार असं ठरलं. मोजणीच्या आधीच्या रविवारी मंडळानं मैदानावर सगळ्यांना बोलावलं. मी कर्जतहून आले. भिवाचं पोट सुटलं होतं. इस्माईलभाईंचा वाकडा झालेला अंगठा दुकानातल्या पोरांना माहीत होता, पण का वाकडा ते त्यांना माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, गंगारामभाऊ, ती मुंबईची गोष्ट सांगा. बाबा उभे राहिले. त्यांनी सांगितली. अर्ध्या मैदानातून भिवानं मारलेला चेंडू माझ्या डोळ्यांसमोरून सणसणत गेला. ऐकणाऱ्यांत कारखान्याचा एक तरुण अधिकारी होता, नवा आलेला, हातात नकाशाची गुंडाळी. त्याला कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं. तो हसत म्हणाला, "पण काका, मी तर ऐकलं की तुम्ही त्या दिवशी घरी होता."

बाबांचा चेहरा असा झाला की तो मी आजही बघू शकत नाही.

मी उठत होते. पण माझ्या आधी इस्माईलभाई उठले. काठी टेकत पुढं आले, त्या अधिकाऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमी व्हते तिथं?"

"नाही."

"मी व्हतो. गोलात मी व्हतो. गंगाराम माज्या मागं उबा व्हता, हा इतका लांब. दहा मिनटं मला म्हनत व्हता, इस्माईल, सोडूं नको. मी नाय सोडला." मग भिवाकडे वळून, "काय रं?"

"उबा व्हता," भिवा म्हणाला. "मी मारला तवा बगितला मी त्याला."

शरद जोशी म्हणाला, "होते. मी पण पाहिलं." आणि मग मैदानावरचे एकेक जण म्हणायला लागले, जे त्या दिवशी मुंबईला आले नव्हते तेसुद्धा. होता. होता. आम्ही पाहिला. आई बायकांत बसली होती, ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. तो अधिकारी नकाशाची गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

आता त्यातलं कुणी राहिलं नाही. मी कुसुम, गंगाराम फिटरची मुलगी, त्या रविवारी मैदानात हजर असलेली. मी इथं शाईनं लिहून ठेवते की बाबा तिथं होते. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल पटवून घेऊ नये.